गावोगावची पोरं हेरणारा राजा : शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची पंढरी कसं बनवलं?

आयपीएलचा लिलाव आला की दोन दिवस आपल्या मोबाईलवर दुसरं काही नसतं. कुठल्या टीमने कुणाला उचललं, कुठल्या खेड्यातल्या पोराचं नशीब उघडलं, याचीच चर्चा. अमेरिकेत तर हा खेळ त्याही आधी, शाळेतच सुरू होतो. तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉल टीमला क्वार्टरबॅक लागतो. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू, सगळा डाव त्याच्या हातून चालतो. म्हणून कॉलेजचे प्रशिक्षक शाळांच्या मैदानांवर फिरतात, पोरगं हेरतात आणि त्याची फी, राहणं, जेवण सगळं कॉलेजच्या अंगावर घेतात.

हे सगळं ऐकलं की वाटतं, ही पैसेवाल्या देशांची नवी थेरं. पण थांबा.

सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरात एका राजाने हेच काम केलं. खेळ होता कुस्तीचा. त्याने पोरं हेरली, त्यांच्या खुराकाचा भार उचलला, बाहेरून नामांकित मल्ल आणले आणि या सगळ्यांना लढायला एक असं मैदान बांधलं की शंभर वर्षं उलटली तरी महाराष्ट्रातला प्रत्येक पैलवान तिथे एकदा तरी लढायचं स्वप्न बघतो.

तो राजा म्हणजे राजर्षी शाहू महाराज. आरक्षण देणारे, शिक्षण सक्तीचं करणारे शाहू महाराज आपल्याला शाळेपासून माहीत असतात. कुस्तीचे शाहू महाराज मात्र एखाद्या ओळीत उरकले जातात. राजाला छंद होता, त्याने मैदान बांधलं, संपला विषय. पण त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर कळतं की वसतिगृह आणि तालीम ही त्यांच्या लेखी फार वेगळी कामं नव्हती.

कशी ते बघू.

कागलचा यशवंत, कोल्हापूरचा शाहू

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात एक मुलगा जन्मला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. यशवंत तीन वर्षांचा असतानाच आई गेली.

तिकडे कोल्हापूरच्या गादीवर संकट होतं. छत्रपती चौथे शिवाजी महाराज 1883 मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत वारले. गादीला वारस नव्हता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेबांनी घाटग्यांचा यशवंत दत्तक घ्यायचं ठरवलं आणि 17 मार्च 1884 रोजी हा दहा वर्षांचाही न झालेला मुलगा शाहू नावाने कोल्हापूरचा छत्रपती झाला. दोनच वर्षांत, 1886 मध्ये, जन्मदाते वडीलही गेले.

राजा झाला खरा, पण कारभार हातात यायला अजून दहा वर्षं होती. त्या काळात इंग्रज सरकार संस्थानिकांच्या मुलांना खास शाळांमध्ये पाठवायचं. शाहू राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेले. तिथून पुढे धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. इतिहास, इंग्रजी, राज्यकारभार हे सगळं होतंच. पण सोबत घोडेस्वारी, शिकार आणि कुस्तीही होती.

मूळचाच धिप्पाड देह, त्यात व्यायामाची आवड. जोर-बैठका काढणं, मातीत उतरणं, अंगाला माती लावून झोंबणं हे या राजाने गादीवर बसून फक्त पाहिलं नाही, स्वतः केलं. त्यामुळे पैलवान तयार व्हायला काय लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

2 एप्रिल 1894 रोजी राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला. वयाची वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

पहिली काही वर्षं : दुष्काळ, प्लेग आणि एक अपमान

सुरुवात सोपी नव्हती. 1896-97 चा दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. तरुण राजा राज्यभर फिरला. स्वस्त धान्याची दुकानं निघाली, गुरांसाठी छावण्या उघडल्या, लोकांना कामं दिली गेली. या फिरण्यात त्यांनी राज्याची खरी अवस्था पाहिली. कारभारातल्या, शाळेतल्या, मानाच्या जागा मोजक्या जातींकडे आणि बाकीची रयत शेताच्या बांधावर, ही ती अवस्था.

मग 1899 मध्ये ते प्रसिद्ध वेदोक्त प्रकरण घडलं. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजाचा पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं लक्षात आलं. कारण काय, तर महाराज त्याच्या लेखी शूद्र. प्रत्यक्ष छत्रपतीची ही गत असेल, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल?

या प्रकरणाने शाहू महाराजांच्या कामाला धार आली. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी त्यांनी उघड भांडण मांडलं. 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. खेड्यातल्या पोराच्या अंगी हुशारी आहे, पण शहरात राहायला जागा नाही आणि खायला अन्न नाही, ही अडचण त्यांनी ओळखली होती.

पैलवानाची अडचणही नेमकी हीच होती.

पैलवान घरात परवडत नाही

कुस्तीचा हिशेब समजून घेतला तर महाराजांनी काय केलं ते कळेल.

कुस्तीला तसं साहित्य काहीच लागत नाही. एक लंगोट आणि मूठभर माती. म्हणून हा गरिबाचा खेळ वाटतो. पण पैलवान घडवायचा म्हटलं की हिशेब उलटा होतो. पहाटे उठून शेकड्याने जोर आणि बैठका. मग हौदा उकरायचा, म्हणजे खोऱ्याने माती वरखाली करायची. मग तास-दोन तास लढती. मग मालिश, विश्रांती आणि संध्याकाळी परत मेहनत. एवढं केल्यावर भाकरी-आमटीवर भागत नाही. दूध लागतं, तूप लागतं, बदाम वाटून केलेली थंडाई लागते. तेही रोज, आणि वर्षानुवर्षं.

आता एखाद्या लहान शेतकऱ्याच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं अंगापिंडानं चांगलं पोरगं आहे असं समजा. ते तालमीत गेलं की घरातला शेतावरचा एक गडी कमी होतो. आणि वर त्याच्या एकट्याच्या खुराकाला अख्ख्या घराच्या जेवणाएवढा पैसा जातो. घरची म्हैस असली तरी तिचं दूध विकून घर चालतं, ते पोराला पाजायचं कसं?

म्हणजे गावात ताकद होती, उमेद होती, पण ती जत्रेतल्या फडापर्यंतच जायची. रेवड्यांवर, नारळावर कुस्ती मारायची, चार लोकांनी पाठ थोपटायची आणि परत औत धरायचं. तिथून पुढे जायला कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागायचं.

शाहू महाराज इथे उभे राहिले.

पोरं हेरायची, तालमी उभ्या करायच्या

पैलवान पदरी ठेवणारे राजे तेव्हा हिंदुस्थानात कमी नव्हते. बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारात मल्ल होते. मध्य हिंदुस्थानात दतियाच्या आणि पंजाबात पटियाळाच्या राजांनी गामासारख्या मल्लाला आश्रय दिला. दरबारी पैलवान ही राजाची शान असायची. शेजारच्या राजाचा मल्ल पाडला की आपल्या मिशीला पीळ.

महाराजांनाही ही हौस होतीच. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. दोन-चार नामांकित मल्ल आणून दरबारात मिरवण्यापेक्षा राज्यात पैलवान पिकले पाहिजेत, असा त्यांचा रोख होता. त्यासाठी तालमी हव्या होत्या. कोल्हापूर शहरात पेठेपेठेत तालमी होत्याच, त्यांना राजाचा आधार मिळाला. मोतीबाग, गंगावेश, काळा इमाम, मठ तालीम ही नावं आजही कुस्तीशौकीन अभिमानाने घेतात. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतही तालमीची जागा देवळाइतकीच मानाची झाली.

तालीम म्हणजे आजच्या भाषेत निवासी प्रशिक्षण केंद्र. बाहेरगावचं पोरगं तिथेच राहतं, तिथेच झोपतं. वर वस्ताद असतो. वस्तादाचा शब्द म्हणजे कायदा. कधी उठायचं, काय खायचं, कुणाशी लढायचं, एवढंच काय, बाजारात फिरायचं की नाही हेही वस्ताद ठरवणार. जत्रेच्या फडात एखादं पोरगं चपळाईने पट काढताना किंवा ढाक मारताना दिसलं, की वस्तादाची नजर तिथे अडकते. बापाशी बोलणं होतं आणि पोरगं वळकटी घेऊन कोल्हापूरला येतं. ही रीत कोल्हापूरच्या तालमींत आजही आहे.

महाराजांच्या काळात या रीतीमागे संस्थानाचं पाठबळ आलं. चांगल्या मल्लाला खुराक मिळू लागला, मैदान मारलं की इनाम मिळू लागलं. आधी हे पोरगं गेलं म्हणून घर रडायचं. आता पोरगं महाराजांच्या पदरी आहे, हे सांगताना बापाची मान ताठ होऊ लागली.

उत्तरेचे मल्ल कशासाठी आणले?

इथे महाराजांनी आणखी एक गोष्ट केली. पंजाब आणि उत्तर हिंदुस्थानातले मोठे मल्ल त्यांनी कोल्हापुरात बोलावले.

आता कुणी म्हणेल, आपली पोरं तयार करायची आहेत तर बाहेरचे कशाला?

कुस्तीत उत्तर सोपं आहे. पैलवान तयार होतो तो जोडीवर. तुमच्या तालमीत तुम्हीच सगळ्यात भारी असाल, तर तुमची वाढ तिथेच थांबते. रोज तुम्हाला दाबणारा, तुमचा डाव ओळखणारा, तुम्हाला नवी तोड शोधायला लावणारा कुणीतरी समोर लागतो. तेव्हा उत्तरेच्या मल्लांचा देशभर दबदबा होता. अमृतसर-लाहोरकडचे पैलवान ताकदीत आणि दमात सगळ्यांच्या पुढे मानले जात. असे मल्ल कोल्हापूरच्या मातीत उतरले, तेव्हा इथल्या पोरांनी त्यांची मेहनत पाहिली, खुराक पाहिला, डाव पाहिले आणि मुख्य म्हणजे त्यांच्या नावाची भीती मोडली.

आयपीएलमध्ये परदेशी खेळाडूंबरोबर एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसून आपली नवखी पोरं जशी धीट झाली, तसंच काहीसं हे होतं.

आणि हे फक्त कुस्तीपुरतं नव्हतं बरं का. उत्तरेकडून आलेले उस्ताद अल्लादियाँ खाँ यांना महाराजांनी दरबारगायक म्हणून कोल्हापुरात ठेवून घेतलं आणि पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली. आबालाल रहमान यांच्यासारख्या चित्रकाराला त्यांचा आश्रय होता. अस्सल माणूस ओळखायचा, त्याच्या पोटापाण्याची चिंता मिटवायची आणि त्याच्याभोवती इथली पोरं घडू द्यायची, ही महाराजांची पद्धतच होती.

1902 : एक जाहीरनामा आणि एक स्वप्न

महाराजांच्या आयुष्यात 1902 साल फार मोठं. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएलडी ही मानाची पदवी दिली. आणि महाराज तिकडे असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, कोल्हापुरात तो ऐतिहासिक जाहीरनामा निघाला. संस्थानाच्या नोकऱ्यांमध्ये रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. देशातल्या आरक्षणाची सुरुवात इथून मानली जाते.

याच प्रवासात त्यांनी रोमचं कोलोझियम पाहिलं. हजारो वर्षांपूर्वीचं ते गोल, पायऱ्यापायऱ्यांचं प्रेक्षागार. मध्ये लढणारे आणि भोवती सगळ्या बाजूंनी बसलेली माणसं. कुस्तीवेड्या राजाच्या मनात ते घर करून राहिलं.

कारण कोल्हापुरात तेव्हा अडचण हीच होती. मोठी कुस्ती लागली की गर्दी लोटायची. पुढचे उभे राहायचे, मागच्यांना काही दिसायचं नाही, झाडांवर, भिंतींवर माणसं चढायची, रेटारेटी व्हायची. ज्यांच्यासाठी कुस्ती लावली त्या रयतेलाच ती दिसत नव्हती.

खासबाग

1907 मध्ये काम सुरू झालं. राजवाड्याची खास बाग जिथे होती त्या जागी मैदान उभं राहू लागलं, म्हणून नाव पडलं खासबाग. 1912 मध्ये मैदान पूर्ण झालं.

खासबागेची रचना साधी आणि हुशारीची आहे. मधोमध कुस्तीचा हौदा. त्याच्या भोवती गोलाकार, मागे मागे चढत जाणारा उतार. म्हणजे पुढचा माणूस मागच्याच्या आड येत नाही. हजारो माणसं बसली तरी अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातला डाव दिसतो. एका बाजूला राजासाठी आणि मानकऱ्यांसाठी बसायची जागा. बाकी सगळी रयत मातीच्या उतारावर.

हौद्यातली मातीही अशी तशी नाही. तांबडी माती चाळून घ्यायची, मग त्यात तेल, ताक, लिंबू, हळद मुरवायची. त्यामुळे माती मऊ राहते, अंगाला खरचटलं तर जखम चिघळत नाही. पैलवान आत उतरताना आधी या मातीला हात लावून तो कपाळाला लावतो.

1912 मध्ये खासबागेत पहिली मोठी कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. 1910 मध्ये तो गामाबरोबर लंडनला गेला होता आणि तिथे स्वित्झर्लंडच्या जॉन लेम या नावाजलेल्या मल्लाला त्याने पाडलं होतं. असा मल्ल कोल्हापूरच्या हौद्यात उतरला आणि मैदान मारून गेला. पंचक्रोशीतल्या ज्या शेतकऱ्याने ती कुस्ती उतारावर बसून पाहिली असेल, त्याच्या पोराच्या डोक्यात काय शिरलं असेल याचा अंदाज करा.

मैदानाला लागूनच महाराजांनी नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधलं. 1915 मध्ये ते सुरू झालं. तेच आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. एकीकडे शड्डूचा आवाज आणि भिंतीपलीकडे नाट्यसंगीत, असं हे कोल्हापूर.

हौद्यात जात कुठली?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

कुस्ती हा अंगाला अंग भिडवायचा खेळ. लांबून खेळताच येत नाही. समोरच्याचा घाम आपल्या अंगाला लागतो, दोघांच्या अंगाला एकच माती लागते. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानला जायचा, त्या काळात अस्पृश्य पैलवानाने हौद्यात उतरून सवर्ण मल्लाशी हात मिळवणं ही साधी गोष्ट नव्हती.

महाराजांना हे पक्कं माहीत होतं आणि त्यांनी ते मुद्दाम घडवून आणलं. अस्पृश्य समाजातल्या पैलवानांना त्यांनी जवळ केलं आणि त्यांना जाठ पैलवान असं नाव दिलं. ओळख जातीवरून न होता पैलवानकीवरून व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्यांनी अस्पृश्य तरुणांना माहूत, कोचमन म्हणून, राजाच्या अगदी अवतीभवतीच्या कामांवर घेतलं. पाणक्याला शिवलं म्हणून मार खाल्लेल्या माणसांच्या त्या काळात गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः जाऊन तिथला चहा प्यायला. बरोबरच्या मंडळींनाही पाजला.

आता ही सगळी कामं शेजारी शेजारी ठेवून बघा. वसतिगृहात राहायची आणि जेवायची सोय, तालमीत राहायची आणि खुराकाची सोय. नोकरीत राखीव जागा, हौद्यात लढायची संधी. शाळेत हुशार पोरगं हेरायचं आणि जत्रेत ताकदीचं पोरगं हेरायचं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. अंगात गुण आहे, पण तो बाहेर यायला लागणारं दूध, जागा आणि दार या पोराला कोण देणार?

आणि दोन्हीकडे महाराजांचं उत्तरही एकच होतं. राज्याने द्यायचं.

हौद्याचा एक फायदा असा की तिथे निकाल लपत नाही. पाठ मातीला लागली की लागली. कोणाचा बाप कोण आणि कोणाचं गोत्र काय, हे विचारायला पंच थांबत नाही. हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या गरिबाच्या पोराने नामांकित मल्लाला आस्मान दाखवलं, तर जन्माने माणूस लहान-मोठा ठरतो हे सांगणाऱ्याची अडचण होते. जाहीरनाम्याने जे कागदावर आलं, ते इथे लोक डोळ्यांनी बघत होते.

शेवटची वर्षं

पुढची दहा वर्षं महाराज थांबले नाहीत. राधानगरीच्या धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. 1918 मध्ये महार वतनासारख्या, माणसाला पिढ्यान्‌पिढ्या वेठीला बांधणाऱ्या पद्धतींवर त्यांनी घाव घातला. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बहुजनांसमोर पुढारी म्हणून उभं केलं. माणूस हेरायची त्यांची नजर किती पक्की होती, याचा याहून मोठा दाखला नाही.

मात्र घरात दुःख होतं. 1918 मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेले. तरुण मुलाच्या जाण्याने महाराज आतून खचले. एकेकाळी मातीत घुमणाऱ्या देहाला आजारांनी गाठलं होतं. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं 47.

राजा गेला, मग पुढे?

असे छंद बहुतेक वेळा राजाबरोबर संपतात. पैलवान पांगतात, मैदानात गवत वाढतं. कोल्हापुरात तसं झालं नाही, कारण महाराजांनी पैलवानांइकीच तालीमही जपली होती. वस्तादाने पोरगं घडवायचं, त्या पोराने पुढे वस्ताद व्हायचं, ही साखळी चालू राहिली.

सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना मदत केली आणि तिथे ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा संस्थान विलीन होऊन तीन वर्षं झाली होती. पैशासाठी खाशाबांना दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी त्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. जे काम पूर्वी राज्य करत होतं, ते एका प्राचार्याला घर गहाण ठेवून करावं लागलं. पाठीराखा गेला की पैलवानाचं काय होतं, ते इथे दिसतं.

तरी माती सुटली नाही. 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले श्रीपती खंचनाळे. बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, पण घडले कोल्हापूरच्या तालमीत. पुढच्याच वर्षी हिंदकेसरी झाले गणपतराव आंदळकर. गाव शिराळा तालुक्यातलं पुनवत, तालीम मोतीबाग. दोघेही बाहेरगावाहून वळकटी घेऊन कोल्हापूरला आलेले.

आज कोल्हापूरला जा, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघा. मैदानात उतरणाऱ्या टीमची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. खेळ फुटबॉलचा आणि नावात तालीम! पेठेतल्या तालमींनीच पुढे फुटबॉलच्या टीम उभ्या केल्या. या टीम आता बाहेरगावचे, इतकंच काय परदेशी खेळाडूही आणतात आणि त्यांच्या बरोबरीने पेठेतली पोरं खेळतात. पंजाबचे मल्ल बोलावणाऱ्या राजाच्या गावात यात नवल ते काय?

ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीत खासबागेच्या बाजूलाही झळ बसली. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. इमारत पुन्हा बांधता येते. पण गरिबाच्या घरातलं ताकदीचं पोरगं आजही दुधाच्या आणि बदामाच्या भावापाशी अडतं. त्याच्या खुराकाचा हिशेब कुणी करायचा, हा प्रश्न शाहू महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला होता. आपल्याला तो पुन्हा सोडवावा लागणार आहे.